आमदाराची कारकीर्द आणि मतदाराची वही

(वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या समारंभात राजकारणाचा विषय नको, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाचा प्रचार होऊ नये, हे मलाही पूर्णपणे मान्य आहे. परंतु नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही शिक्षक काय करतो? विधानसभेची सदस्यसंख्या २८८, मुदत पाच वर्षांची, उमेदवाराचे वय २५ वर्षे पूर्ण हवे, एवढे फळ्यावर लिहून देतो आणि घंटा झाली की पुस्तक मिटतो. आपले आईवडील ज्या माणसाला मत देतात तो कितीदा जिंकला, कितीदा हरला, जिंकल्यावर त्याने काय केले, ही चर्चा मात्र चहाच्या टपरीवर सोडून देतो. टपरीवरच्या चर्चेला रंग भरतो खरा, पण तिथे आकडे नसतात आणि सनावळीही नसते. म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एका दीर्घ कारकिर्दीकडे आज सनावळी हाती घेऊन पाहावे असे मी ठरविले. स्तुती किंवा निंदा करण्याचा हेतू नाही. मतदार आपला हिशेब कसा ठेवतो, एवढेच मला आपल्याला दाखवायचे आहे.

ही कारकीर्द श्री. सुधीर मुनगंटीवार यांची. जन्म ३० जुलै १९६२. चंद्रपूरच्या सरदार पटेल महाविद्यालयातील विद्यार्थी चळवळीतून ते पुढे आले आणि भारतीय जनता पक्षाचे काम करू लागले. आज त्यांच्या नावापुढे सात विजय लिहिलेले आहेत, त्यामुळे सुरुवात पराभवाने झाली हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९८९ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी चंद्रपूर लोकसभेची निवडणूक लढविली आणि ते हरले. १९९१ साली पुन्हा लढविली, पुन्हा हरले. दोन्ही वेळा विजयी झाले ते काँग्रेसचे शांताराम पोटदुखे. १९८० पासून ओळीने चार वेळा लोकसभेत गेलेले हे गृहस्थ सरदार पटेल महाविद्यालय चालविणाऱ्या सर्वोदय शिक्षण मंडळाचे धुरीण होते. महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी एका बाजूला आणि त्याच महाविद्यालयाच्या संस्थेचे प्रमुख दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. आमच्या विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की, दोनदा नापास झालेला मनुष्य तिसऱ्यांदा परीक्षेला बसू शकतो. मात्र तिसऱ्या वेळी त्याने विषय बदलला. लोकसभा सोडून तो विधानसभेकडे वळला.

१९९५ साली चंद्रपूर विधानसभा मतदारसंघातून ते निवडून आले. १९९९ आणि २००४ साली त्याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा पाठविले. दरम्यान १९९९ मध्ये काही महिने त्यांनी पर्यटन खात्याचे मंत्रिपदही सांभाळले. पुढे २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना आली. पुनर्रचना म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकते. प्रत्यक्षात मात्र कित्येक पुढाऱ्यांच्या पायाखालची जमीनच तिने सरकविली. चंद्रपूर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. बल्लारपूर हा नवा मतदारसंघ अस्तित्वात आला. जिल्ह्यातील जुना सावली मतदारसंघ नकाशावरून गेला. तीन वेळा निवडून आलेल्या आमदाराला आपले घर सोडून शेजारच्या दारी जावे लागले.

बल्लारपूर म्हणजे कागद कारखाना, कोळशाच्या खाणी आणि सागवानाचा मोठा लाकूड आगार. त्याच मतदारसंघात मूल आणि पोंभुर्णा हे धानाचे व जंगलाचे तालुकेही येतात. खाणीतल्या कामगाराचे दुखणे वेगळे, रोवणीसाठी पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे वेगळे, मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्या बाईचे त्याहून वेगळे. या नव्या मतदारांनी २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार वेळा मुनगंटीवारांना निवडून दिले. जुने तीन आणि नवे चार मिळून विजय सात झाले.

आता त्यांनी सोडलेल्या चंद्रपूरचे काय झाले तेही पाहा. २००९ आणि २०१४ साली तिथे त्यांच्याच पक्षाचे नाना शामकुळे निवडून आले. २०१९ साली त्याच मतदारांनी पक्षाला बाजूला सारून किशोर जोरगेवार या अपक्षाला विधानसभेत धाडले. २०२४ साली जोरगेवार पुन्हा आले, पण या वेळी भाजपचे उमेदवार म्हणून. याचा अर्थ काय? मतदाराच्या वहीत पक्षाचे खाते एक असते आणि माणसाचे दुसरे. कधी दोन्हींची बेरीज होते, कधी वजाबाकी.

विजयाच्या आकड्यांकडेही थोडे बारकाईने पाहू. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो आणि कोण आला एवढेच आपण विचारतो. किती मतांनी आला, हे दुसऱ्या दिवशी विसरतो. बल्लारपुरात २०१४ साली मुनगंटीवारांचे मताधिक्य सुमारे ४३ हजार होते. २०१९ साली ते सुमारे ३३ हजारांवर आले आणि २०२४ साली सुमारे २६ हजारांवर. तिन्ही वेळा ते आले हे खरे, आणि प्रत्येक वेळी अंतर घटले हेही तितकेच खरे. विजयाच्या मिरवणुकीत ऐकू न येणारा निरोप मतदार असा आकड्यांतून देत असतो.

परंतु या कारकिर्दीतील सर्वांत बोलके वर्ष २०२४ हेच म्हणावे लागेल. त्या वर्षी पक्षाने त्यांना पुन्हा लोकसभेला उभे केले. समोर होत्या काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर. त्यांचे पती बाळू धानोरकर हे २०१९ साली येथून खासदार झाले होते आणि मे २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले होते. १९ एप्रिलला मतदान झाले, ४ जूनला निकाल लागला. सहा वेळा आमदार झालेले आणि त्या वेळी राज्याचे वनमंत्री असलेले मुनगंटीवार २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. विशेष म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बल्लारपूर विधानसभा क्षेत्रातही ते मागे पडले. कोणी सहानुभूतीचे कारण सांगितले, कोणी कापूस-सोयाबीनच्या भावाचे, कोणी आणखी कशाचे. पुढे २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले आणि २३ तारखेला त्याच बल्लारपूरने त्यांना सातव्यांदा आमदार केले.

एप्रिल आणि नोव्हेंबर यांत सातच महिन्यांचे अंतर. गावे तीच, मतदान केंद्रे बहुतेक तीच, माणूस तोच. दिल्लीला पाठवायचा म्हटल्यावर नको म्हणणाऱ्या मतदारसंघाने मुंबईला पाठवायचा म्हटल्यावर होकार दिला. "लोक मेंढरासारखे मत देतात" असे म्हणणाऱ्या शहाण्यांनी या दोन निकालांवर अवश्य विचार करावा. ज्याला आपण अडाणी म्हणतो तो मतदार दोन वेगवेगळ्या प्रश्नांना दोन वेगवेगळी उत्तरे देतो.

सत्ता हाती असताना काय झाले, याचाही हिशेब झाला पाहिजे. २०१० ते २०१३ मुनगंटीवार आपल्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत अर्थ आणि वन ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. राज्याचा अर्थसंकल्प चंद्रपूरच्या आमदाराने मांडावा, ही मुंबई-पुण्यापासून इतक्या दूरच्या जिल्ह्याला नवलाईची गोष्ट होती. त्या काळात विसापूरची सैनिकी शाळा, तेथीलच वनस्पती उद्यान आणि चिचपल्लीचे बांबू प्रशिक्षण केंद्र यांना गती मिळाली. वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी असे चढत गेले. रोपे किती लागली आणि किती जगली, यावर पुढे वाद झाला आणि २०२१ साली लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची घोषणाही झाली. २०२२ ते २०२४ या काळात वनखाते पुन्हा त्यांच्याकडे आले. वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावणाऱ्याच्या वारसांना मिळणारी मदत २०२२ साली १५ लाखांवरून २० लाख झाली. पण रक्कम वाढली म्हणून ताडोब्याच्या भोवती राहणाऱ्या गुराख्याची भीती कमी झाली काय? हा प्रश्न आजही उभा आहे आणि तो कोणा एका मंत्र्याचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाचा विस्तार झाला तेव्हा सात वेळा निवडून आलेल्या या आमदाराला त्यात स्थान मिळाले नाही. मतदार देतो ते आमदारपण. मंत्रिपद दुसऱ्यांच्या हाती असते.

दारूबंदीचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी होती. आपल्याकडील स्त्रियांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूर विधानभवनावर त्या पायी चालत गेल्या. मुनगंटीवार पालकमंत्री असताना १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये नव्या सरकारने ती उठविली, तेव्हा पालकमंत्री होते काँग्रेसचे विजय वडेट्टीवार. २०२४ च्या विधानसभेत बंदीचा पाठीराखा बल्लारपुरातून निवडून आला आणि ती उठविण्याचा पुरस्कर्ता ब्रह्मपुरीतून. एका प्रश्नावर मतदार माणूस तोलत नाही, हे एक अनुमान. दुसरे अनुमान अधिक कटू आहे. पायी चाललेल्या त्या बायांचा प्रश्न दोन्ही विजयांच्या गुलालात हरवला.

गडचिरोलीकडे वळलो तर चित्र आणखी निराळे दिसते. १९९० साली सिरोंचा मतदारसंघातून निवडून आलेले धर्मरावबाबा आत्राम यांचे १९९१ साली नक्षलवाद्यांनी अपहरण केले होते. ज्या मुलखात आमदारच पळविला जातो, तिथे मतदार केंद्रापर्यंत येतो हेच मुळात धाडसाचे. २०२४ च्या लोकसभेला तिथे मतदानाची वेळ दुपारी तीनपर्यंतच होती आणि दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचविले गेले. अहेरीने २००९ साली अपक्ष दीपक आत्राम, २०१४ साली भाजपचे अम्ब्रीशराव आत्राम आणि २०१९ साली राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा असे आमदार बदलले. २०२४ साली कन्या आणि पुतणे असे दोघेही विरोधात उभे असताना धर्मरावबाबाच पुन्हा विजयी झाले. आडनाव एकच, तरी मतदाराने निवड करायची ती केलीच.

आपल्या समाजात एक वाक्य वारंवार ऐकू येते: "आपण थोडे, आपल्या मताने काय होणार?" अशांना मी इतिहासाकडे बोट दाखवितो. याच चंद्रपूरने १९५२ साली अब्दुल्लाभाई ताहेरअली यांना आणि १९७१ साली अब्दुल शफी यांना लोकसभेत पाठविले. डोकी मोजून मते पडत असती तर हे घडलेच नसते.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे नाव मतदार यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर नमुना ६ भरा. आता वर्षातून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख अशा चार तारखा त्यासाठी धरल्या जातात. उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते, ते वाचा. आपल्या केंद्रावर कोणाला किती मते पडली याचा तक्ताही मिळतो, तो मुलांपुढे ठेवा. आमदार गावात आला तर हार घालायला हरकत नाही, पण हाराबरोबर मागच्या खेपेच्या आश्वासनांची यादीही हाती असू द्या.

सात वेळा निवडून आलेला आमदार म्हणजे सात वेळा परीक्षा घेतलेला मतदार. परीक्षकाने उत्तरपत्रिका वाचलीच नाही तर गुणांना काय किंमत राहणार? ती वाचण्याइतके शिक्षण आपल्या मुलामुलींना मिळावे, यासाठीच तर ही संस्था आहे.