कवितेतला राजा आणि ताम्रपटातला राजा

(वर्धा येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



राजाची स्तुती करता करता त्याचे वस्त्रहरण कसे करावे, हे अठराव्या शतकातील इंग्रजी कवितेकडून शिकावे. अलेक्झांडर पोपने १७३७ साली दुसऱ्या जॉर्जला उद्देशून एक पद्यपत्र लिहिले. नमुना होता होरेसने सम्राट ऑगस्टसला लिहिलेल्या पत्राचा. जॉर्जच्या नावातही ‘ऑगस्टस’ होतेच! काव्याविषयी उदासीन असलेल्या या राजाचा पोपने इतका गौरव केला, की गौरवाचाच उपहास झाला. १६८८ च्या क्रांतीने राजाला पार्लमेंटचा लगाम घातला होता. कवीच्या धैर्यामागे ते बळ होते.

पण जेथे राजाच कवी असतो, तेथे उपहास कोणी करावा? हा प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्याचा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचे आपले पवनार, असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादन केले. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे महाकाव्य याच पाचव्या शतकातील राजाचे, असे बहुतेक विद्वान मानतात. त्यात समुद्रावर सेतू बांधला जातो. डोंगर उचलून आणतात ते वानर, विजय होतो तो रामाचा, आणि कीर्ती मिळते ती काव्यकर्त्या प्रवरसेनाला. पुढे बाणभट्टानेही त्या कीर्तीचेच गुणगान केले.

काव्य सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु याच राजाचे ताम्रपटही वाचले पाहिजेत. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी प्रवरपुराहून निघालेल्या चम्मकच्या ताम्रपटाने एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी-मापाची जमीन दिली. त्या गावाला कर माफ. राजाच्या शिपायांना तेथे प्रवेश नाही. दूध, फुले, चारा, कातडी, कोळसा देण्याचे बंधन नाही. आणि सर्व प्रकारची वेठ माफ. अट एकच महत्त्वाची: दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, केल्यास जमीन परत घेण्यात राजाला चोरीचा दोष नाही.

ही सवलतींची यादी उलटी वाचा. ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही, त्यांच्यावर काय लादलेले होते, त्याचा तो जमाखर्चच आहे. ‘सेतुबंधा’त श्रम हे पराक्रम म्हणून येतात; ताम्रपटात तेच वेठ म्हणून येतात. जमीन कसणाऱ्याचे नाव मात्र दोन्हीकडे नाही.

त्याच पवनारहून १९५१ साली विनोबा भूदान मागत पायी निघाले. दाता आता राजा नव्हता, जमीनमालक होता. परंतु दान हे दात्याच्या मर्जीवरच राहते. मिळालेल्या जमिनीचा बराच भाग पुढे वाटलाही गेला नाही. भूमिहीनाला दान नव्हे, हक्क हवा, हे आपले म्हणणे त्या अनुभवाने खोटे ठरविलेले नाही.

तरीही पवनारच्या आश्रमातले एक शिल्प पाहून या. जमीन खणताना ते सापडले. विनोबांनी ते भरत-रामाच्या भेटीचे मानले आणि तेथेच स्थापिले. हाती आलेले सिंहासन आपले नव्हे, असे म्हणणारा भरत! संस्थानिकांचे तनखे १९७१ साली गेले, पण स्तुतिपाठकांचा धंदा बुडाला नाही. म्हणून कोणत्याही सत्ताधीशाचे पोवाडे कानी पडले, की एवढेच विचारा: दगड कोणी वाहिले, आणि वेठ कोणाची होती?