पाटावरचे दागिने

श्रावणातली शुक्रवारची कहाणी तुम्ही आजीच्या तोंडून ऐकली असेल. भाऊ सहस्रभोजन घालतो, पण गरीब बहिणीला बोलावणं नाही. ती पोरांना घेऊन पंगतीला बसते, तर तो तिला हाताला धरून उठवतो. पुढे तिचे दिवस पालटतात. मग तोच भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो. ती अंगावरचे दागिने उतरवून पाटावर मांडते आणि एकेका दागिन्यावर एकेक पदार्थ ठेवते. मान ज्यांचा, जेवणही त्यांचंच! भाऊ ओशाळतो, क्षमा मागतो. मला मात्र भरल्या पानावरून उठवलेली ती पोरं विसरता येत नाहीत.

याच्या अगदी उलट एक भाऊ मला आठवतो. आपल्या अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातला श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून घेतो. कहाणीत समजावणारी आई नाही, श्यामच्या घरात ती आहे. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील, भाचरं झोक्यावर चढतील. तेव्हा ही कहाणी त्यांना जरूर सांगा, आणि पोरं काय विचारतात तेही ऐका.