पट कुणाच्या बाजूने?

शिरूरच्या माझ्या मामेभावाने बरोबरीत सोडलेल्या डावाचा स्क्रीनशॉट पाठवला. "दादा, जिंकलो असतो का?" मी दौंड स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. फोटो ॲपमध्ये टाकला, इंजिन म्हणालं हरतोय. मीही तसंच कळवलं. पोरगं जेवलंच नाही.

घोळ असा, की तो काळ्यांनी खेळत होता आणि ॲपने खाली पांढरा धरला. त्याच्या प्याद्याला वजीर व्हायला दोनच घरं उरली होती. ॲपच्या हिशेबात पाच!

पटाची स्थिती ज्या ओळीत साठवतात ती फेन. तिच्यात सोंगट्या, चाल कुणाची, कॅसलिंग वगैरे सहा गोष्टी असतात. खाली कोण बसलंय, हे नसतंच. कोपऱ्याच्या रंगावरूनही कळत नाही, कारण पट फिरवला तरी उजवीकडचं घर पांढरंच राहतं. कडेची अक्षरं-आकडे बघायचे, आणि नेमके तेच मोबाईलवर मुंगीएवढे!

लिचेसवर कॉम्प्युटरला 'एफ' दाबला की पट फिरतो. मोबाईलवर मेनू शोधत बसा. दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ला बाटुमीत हंपीला हरवलं, तो शेवटचा डावही काळ्यांनीच. बघताना आधी पट फिरवा.

भावाला रात्री फोन केला. म्हणाला, "म्हणजे मी जिंकत होतो ना?"