महाराष्ट्राचा क्रिकेट संघ : पावसाळ्यांतील विचार



क्रिकेटच्या रसिकास पावसाळ्याचे चार महिने मोठे कठीण जातात. मैदानावर गवत वाढलेलें, खेळपट्टी झांकलेली, आणि वर्तमानपत्रांत मोजावयास धांवा नाहींत. मग तो माणसें मोजूं लागतो. कोण संघ सोडून गेला, कोण नवा आला, कोणाच्या गुडघ्याचें काय झालें, हेच त्याचे विषय. अमेरिकेंत बेसबॉलचा खेळ हिवाळ्यांत बंद असतो. तेव्हां तिकडील रसिक शेगडीभोवती बसून आपल्या संघाच्या घेण्यादेण्याची चर्चा करतात आणि त्या चर्चेलाच ते थट्टेनें ‘शेगडीची स्पर्धा’ म्हणतात. आपल्याकडे शेगडीची जागा भज्यांच्या कढईनें घेतली आहे, इतकाच काय तो फरक.

माझें घर जळगांवांत. म्हणून माझा संघ कोणता हें प्रथम सांगितलें पाहिजे. रणजी करंडकाच्या स्पर्धेंत ‘महाराष्ट्र’ ह्या नांवाखालीं जो संघ उतरतो तो सबंध राज्याचा नव्हे. मुंबईचा संघ निराळा, विदर्भाचा निराळा. उरलेल्या जिल्ह्यांचा मिळून महाराष्ट्राचा संघ होतो, आणि जळगांव, धुळें व नंदुरबार हे आमच्या खानदेशाचे तिन्ही जिल्हे त्यांतच येतात. तेव्हां पुण्यास झालेल्या निर्णयाबद्दल आम्हांस बोलण्याचा अधिकार आहे. तो आम्ही फारसा बजावीत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

ह्या संघानें करंडक जिंकला तो दोनच वेळां, 1939-40 व 1940-41 ह्या लागोपाठच्या मोसमांत. कप्तान होते प्रोफेसर दि. ब. देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकविणारे गृहस्थ. दुसऱ्या वर्षीं मुंबईविरुद्धच्या सामन्यांत महाराष्ट्राच्या 675 धांवांना मुंबईच्या 650 पुऱ्या पडल्या नाहींत, आणि त्या 675 मध्यें पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या देवधरांच्या एकट्याच्या 246 होत्या. त्यानंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 असा तीनदां हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व तीनही वेळां रिकाम्या हातानें परतला. शेवटचें अपयश अद्यापि सलतें. त्या मोसमांत केदार जाधवनें 1223 धांवा केल्या, वानखेडे मैदानावर मुंबईस धूळ चारली, आणि हैदराबादेस कर्नाटकानें सात गडी राखून आम्हांस हरविलें.

परंतु मला आठवण करून द्यावयाची आहे ती त्या जुन्या विजयानंतरच्या गोष्टीची. सांगलीच्या विजय हजाऱ्यांनीं 1939-40 मध्यें बडोद्याविरुद्ध पुण्यास नाबाद 316 धांवा केल्या. पुढें थोड्याच दिवसांत ते त्याच बडोदें दरबारच्या नोकरींत गेले आणि बडोद्याकडून खेळूं लागले. 1942-43 चा करंडक बडोद्यानें नेला. 1948 च्या डिसेंबरांत पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धांवा करणारे भाऊसाहेब निंबाळकरही पुढें होळकरांच्या संघांतून खेळले. गुणी खेळाडूनें चांगल्या आश्रयाच्या शोधांत घर सोडावें ही रीति अशी जुनी आहे. तेव्हां संस्थानिक पगार देत. आतां क्रिकेट संघटना करार करतात व जुन्या संघटनेचें ना-हरकत पत्र लागतें. त्यामुळें बाहेरचा खेळाडू आणला म्हणून जे लोक नाक मुरडतात त्यांच्याशीं माझें जुळत नाहीं. देणारे आम्ही होतोंच. आतां घेणारे झालों.

प्रश्न आहे तो काय घेतलें आणि कशासाठीं, हा. 2024-25 च्या मोसमासाठीं विदर्भाचा वेगवान गोलंदाज रजनीश गुरबाणी महाराष्ट्राकडे आला. 2025 च्या पावसाळ्यांत मुंबईचा पृथ्वी शॉ आला, आणि नऊ मोसम केरळाकडून खेळलेला इंदूरचा जलज सक्सेना आला. सक्सेनाबद्दल माझ्या मनांत शंका नव्हती. रणजी करंडकांत 6000 धांवा आणि 400 बळी ही जोड त्याच्याआधीं कोणालाही साधली नव्हती. शॉची गोष्ट तशी सरळ नव्हती. 2024 सालीं मुंबईनेंच त्याला संघाबाहेर बसविलें होतें, आणि डावाची सुरुवात करण्यास आमच्याकडे ऋतुराज गायकवाड व आणखी दोघेतिघे होतेच.

ऑक्टोबर 2025 मध्यें तिरुवनंतपुरम् येथें पहिल्याच सामन्यांत, त्यांतही केरळाविरुद्ध, आमचे 18 धांवांत पांच गडी बाद झाले. शॉच्या नांवापुढें शून्य. मग गायकवाडनें 91 आणि सक्सेनानें आपल्या जुन्या सोबत्यांच्याच गोलंदाजीवर 49 धांवा काढून अब्रू राखली. पुढच्या सामन्यांत चंडीगडविरुद्ध त्याच शॉनें 156 चेंडूंत 222 धांवांचा पाऊस पाडला व सामना जिंकून दिला. म्हणजे दोन आठवड्यांत दोन्ही बाजूंच्या वादपटूंना पुरावा मिळाला! मी एवढेंच म्हणेन कीं, अशा फलंदाजासाठीं जागा काढतांना घरच्या कोणत्या तरुणाची जागा गेली, याचा जमाखर्च कोठें तरी मांडला जावा. शतकाच्या टाळ्यांत ती बाब हरवून जाते.

शेजारच्या विदर्भाकडे पाहावें. भुसावळहून गाडी मलकापुराकडे निघाली कीं लवकरच खानदेश संपतो व विदर्भ सुरू होतो. क्रिकेटच्या नकाशावर मात्र हें अंतर फार मोठें आहे. विदर्भानें 2017-18, 2018-19 व 2024-25 असा तीन वेळां करंडक जिंकला. त्यांनींही पाहुणे आणले. 2018-19 मध्यें चाळिशी गाठलेल्या वासिम जाफरनें 1037 धांवा केल्या. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यांत आमच्याविरुद्ध शतक ठोकणारा गणेश सतीश पुढें नागपूरकर झाला. 2024-25 मध्यें करुण नायर होता. पण बळी कोणी घेतले तें पाहा. पहिल्या विजयाच्या वेळीं अंतिम सामन्यांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी टिपणारा गुरबाणी, दुसऱ्या वेळचा आदित्य सरवटे, आणि 2024-25 मध्यें एका मोसमांत 69 बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे, हीं सारीं विदर्भानें घरीं तयार केलेलीं माणसें. पाहुण्यानें भिंत रंगवावी. पाया घरच्याच दगडाचा लागतो. आम्हीं मात्र त्या पायांतील एक दगड, म्हणजे गुरबाणी, उचलून आणला आणि आपली खाण तशीच बुजलेली ठेविली.

आमच्या संघाची खरी उणीव नव्या चेंडूनें दोन बाजूंनीं मारा करणाऱ्या तरुण गोलंदाजांची, आणि सक्सेनाच्या शेजारीं उभा राहून त्याची विद्या उचलणाऱ्या एखाद्या फिरकी गोलंदाजाची. सक्सेना आला तेव्हां 38 वर्षांचा होता. असा गुरु फार दिवस पुरत नाहीं.

पुण्याबाहेरचा मुलगा संघांत येतच नाहीं असें मी म्हणणार नाहीं. 2025-26 चा कप्तान अंकित बावणे पैठणचा. विजय झोल जालन्याचा. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. सत्यजित बच्छाव नाशिकचा. ह्या यादींत खानदेशाचें नांव घेतांना मात्र जीभ अडखळते. 2023 सालीं महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हां पुणें, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, रत्नागिरी व सोलापूर अशा सहा गांवांच्या नांवांनीं संघ निघाले. तापीकांठचें एकही नांव त्यांत नव्हतें.

कल्पना करा, एरंडोलचा सोळा वर्षांचा एक डावखुरा गोलंदाज आहे. शाळेंत तो मॅटिंगवर खेळतो. मॅटिंगवर चेंडू ठराविक उंचीनें उसळतो, म्हणून त्याला यश लवकर मिळतें व खरी टप्प्याची शिस्त उशीरां कळते. निवडचांचणीसाठीं त्याला मनमाड, दौंड अशीं वळणें घेत रात्रभर प्रवास करून पुण्यास जावें लागतें. सकाळीं डोळे चोळीत तो अनोळखी खेळपट्टीवर दहाबारा चेंडू टाकतो आणि संध्याकाळच्या गाडीनें परततो. बापाची केळीची बाग असली तर हें दोनतीनदां जमतें. शेतमजुराचा मुलगा एकदांच जातो. जळगांवांत जैन उद्योगसमूहानें आपला संघ उभारला व तो मुंबईच्या टाइम्स शील्ड स्पर्धेंत उतरविला, हें कौतुकाचें आहे; परंतु तो रस्ता मुंबईकडे जातो. पुण्याकडचा रस्ता संघटनेनेंच बांधावयाचा आहे.

आणि तो फार खर्चाचाही नाहीं. काळी चिकण माती खेळपट्टीस लागते. ती आमच्याकडे शिवारभर आहे. जळगांवांत व धुळ्यांत मिळून चारसहा चांगल्या खेळपट्ट्या, त्यांतील एखाद्या ठिकाणीं पावसाळ्यांतही सराव चालावा म्हणून वर छप्पर, आणि बारा महिने राहणारा एक शिक्षक. पाहुण्या खेळाडूंच्या करारांतच एक कलम घालावें कीं, मोसमापूर्वीं पंधरा दिवस त्यानें जिल्ह्यांतील मुलांबरोबर घालवावे. निवडसमितीच्या सभासदांनीं वर्षांतून दोनदां मनमाडच्या पुढचें तिकीट काढावें. नाशिक व सोलापूर येथें रणजी करंडकाचे सामने अलीकडेही झाले आहेत. तेथील मुलांनीं आपला कप्तान कुंपणाला टेकून जवळून पाहिला, त्याचें मोल धांवांत मोजतां येत नाहीं.

तसा एक चार दिवसांचा सामना डिसेंबरांत जळगांवास मिळावा. त्या महिन्यांत आमचें ऊन सौम्य असतें, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे लागलेल्या असतात आणि भरताचीं वांगीं बाजारांत आलेलीं असतात. प्रेक्षकांची चिंता असोसिएशननें करूं नये. धुळ्याचे लोक पहांटेच्या एस.टी.नें येतील, भुसावळचे पासावर येतील, आणि जेवणाच्या सुटींत पाहुण्या संघाला कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत आम्ही वाढूं.