तळहातावरचा केस
(वर्धापनदिनी केलेले मनोगत)



नात फ्रेंच शिकते, तिच्या वहीतून मीही चार शब्द उचलतो. आळशी माणसाबद्दल फ्रेंच लोक म्हणतात, ह्याच्या तळहातात केस उगवलाय. हात कामाला घासलाच नाही, तर उगवणारच! आपण माशा मारतो, ते अंगठे फिरवतात, नाहीतर जिराफ विंचरतात.

खूप हसलो. मग स्वतःचा तळहात पाहिला. दौंडच्या शाखेत एक सही राहिली तरी मी कर्जाची फाईल परत करायचो. इथं शिरूरला सेक्रेटरी झालो आणि अभिहस्तांतरणाची फाईल चार वर्षं कपाटात ठेवली. पंचवीस वर्षं झाली, इमारत आपली, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर!

सोमवारी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज घेऊन पुण्याला जिल्हा उपनिबंधकांकडे निघतोय. कोण कोण येतंय?