अर्थखात्यातून अध्यापनाकडे
(उमरखेड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



बँकेतली किंवा सरकारी अर्थखात्यातली सुस्थिर नोकरी सोडून कोणी प्राध्यापक व्हावयास निघाला, की घरचे लोक त्याला वेड्यात काढतात. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी तर हे अधिकच खरे. कापसाच्या भावावर आणि पैनगंगेच्या पाण्यावर जगणाऱ्या कुटुंबातला मुलगा हिशेबाच्या विद्येत तरबेज झाला, तर त्याने पुण्या-मुंबईस जाऊन पगार मिळवावा, अशीच अपेक्षा असते. ती चुकीची म्हणता येणार नाही. परंतु त्या विद्येचा समाजाला उपयोग कोणता, हा प्रश्न उरतोच. धनंजयराव गाडगीळ यांच्या आयुष्यात त्याचे एक उत्तर सापडते.

१९०१ साली नाशिकला जन्मलेल्या गाडगीळांचे शालेय शिक्षण आपल्या विदर्भात, नागपूरला झाले. केंब्रिजला लिहिलेला त्यांचा हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला. त्याच सुमारास ते मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. बढतीचा रस्ता समोर मोकळा होता. तो त्यांनी जेमतेम वर्षभरात सोडला आणि १९२५ साली सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद पत्करले. १९३० साली पुण्यात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे संचालकपद त्यांच्याकडे आले. १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ते तेथेच राहिले.

या छत्तीस वर्षांत त्यांनी काय शिकवले? अर्थखात्यात बसलेल्या माणसाला आकडे आयते मिळतात. शेतकऱ्याच्या घरातील तूट त्या आकड्यांत दिसत नाही. गाडगीळांनी संशोधकांना आकडे स्वतः गोळा करावयास लावले. पुण्यातील फळांचा व्यापार, मोटार वाहतूक, शहरातील कुटुंबांची कमाई आणि खर्च अशा पाहण्या संस्थेने केल्या. दारोदार जाऊन माहिती विचारणे ही अर्थशास्त्राची पहिली पायरी ठरली.

शेतीच्या पतपुरवठ्याचा विचार करण्यासाठी १९४४ साली नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. शेतकऱ्याचे जुने कर्ज त्याच्या फेडीच्या ऐपतीइतके सक्तीने खाली आणावे, अशी शिफारस या समितीने केली. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे पोफाळीचा कारखाना ज्या सहकारी तत्त्वावर उभा राहिला, त्या परंपरेचा आरंभ तेथे आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने बँकांनी जिल्हावार जबाबदारी घ्यावी असे सुचवले. त्यातूनच अग्रणी बँक योजना निघाली.

परंतु शिक्षकाची खरी कसोटी त्याच्या समित्यांत नसते, त्याने तयार केलेल्या माणसांत असते. जानेवारी १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. विकासाचा लाभ मुख्यतः वरच्या थरांनाच पोचला, असे त्यात आकड्यांनिशी मांडलेले होते. त्या वेळी नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते गाडगीळ! ज्या संस्थेला त्यांनी वळण लावले, तिच्याच अभ्यासकांनी नियोजनाचा हिशेब तपासला. मार्गदर्शनाचे याहून मोठे यश कोणते?

येथे एक सावधगिरी हवी. गाडगीळांचे उदाहरण त्यागाची पोथी म्हणून वाचू नये. त्यांनी पद सोडले तेव्हा दुसरे पद वाट पाहत होते. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना वर्षभराच्या पगाराचीही शाश्वती नाही. अशा स्थितीत बँकेतल्या तरुणाला ‘शिकवायला ये’ म्हणणे म्हणजे त्याच्या घरच्यांच्या पोटावर आदर्शवाद लादणे होय. म्हणून पूर्णवेळ जागा भरण्याची मागणी ही केवळ प्राध्यापकांची मागणी नव्हे. तालुक्याच्या बौद्धिक भवितव्याची ती मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. निवृत्त बँक कर्मचारी, सोसायटीचे सचिव, लेखापरीक्षक अशी माणसे उमरखेडच्या परिसरातही आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांना द्यावी. सोसायटीचा ताळेबंद कसा वाचावा, व्याज कसे चढते, पीककर्जाचे नवे-जुने केल्याने थकबाकी कशी झाकली जाते, हे समजावून सांगावे. मग त्याच मुलांना गावात पाठवून दहा घरांचा जमाखर्च लिहून आणावयास सांगावे. कार्यकर्त्यांनीही त्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसावे.

सहकारी संस्था लुटल्या जातात, त्या केवळ लुटणारे हुशार असतात म्हणून नव्हे. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो आणि सभासद तो न समजता हात वर करतात. त्या सभेत उठून एक नेमका प्रश्न विचारणारा तरुण ज्या दिवशी या तालुक्यात उभा राहील, त्या दिवशी त्याला शिकवण्यात गेलेल्या संध्याकाळी सार्थकी लागल्या असे समजावे.