कॅसेटच्या कागदावरची नावं

(सायवन इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सॉफ्टवेअरवाला माणूस बोलायला येणार म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल की हा नोकरीबद्दल, कोडिंगबद्दल सांगेल. ते सांगायला चहाच्या वेळी मी आहेच. पण भाषण मात्र गाण्यांवर आहे. तुमचे दादा-नाना, थोरले काका, मामू तरुण होते तेव्हा जी गाणी गाजली, त्या गाण्यांवर आणि ती गाणाऱ्या पिढीवर.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 ते 1964 या काळात जन्मलेल्यांना अमेरिकेत 'बेबी बूमर' म्हणतात. आपल्याकडे ही पिढी स्वातंत्र्य आणि फाळणीच्या आगेमागे जन्मली. माझे अब्बा त्यातलेच. या पिढीचं बालपण रेडिओवर गेलं. विविध भारती 1957 साली सुरू झाली, आणि दर आठवड्याला अमीन सयानींचा आवाज होताच. पुढे ही पोरं मोठी झाली तेव्हा हातात कॅसेट आली. अब्बांकडे बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या कॅसेटी होत्या. कव्वाली, रफी, भीमगीतं, मराठी भावगीतं, नाती, सगळं एकाच खोक्यात. भाषेप्रमाणे वेगळं लावायचं त्यांना कधी सुचलं नाही. गरजच नव्हती.

आता एक विचारतो. शाळेच्या परिपाठात 'इतनी शक्ती हमें देना दाता' कोणी कोणी म्हटलंय? बघा, सगळेच हात वर. ही प्रार्थना कुठल्या जुन्या संताची असावी असं अनेकांना वाटतं. ती 1986 सालच्या 'अंकुश' या हिंदी सिनेमातली आहे. एन. चंद्रांचा पहिला सिनेमा, मुंबईतल्या चार बेकार पोरांची गोष्ट. शब्द अभिलाष यांचे, चाल कुलदीप सिंग यांची. आणि आवाज? दोन आहेत. एक सुषमा श्रेष्ठ यांचा. जन्म 1960, संगीतकार भोलानाथ श्रेष्ठ यांची मुलगी. लहानपणी 'अंदाज'मध्ये रफीसाहेबांबरोबर गायली, पुढे पूर्णिमा या नावाने गोविंदाच्या सिनेमांत गाजली. दुसरा आवाज पुष्पा पागधरे यांचा. त्यांचा जन्म 1943 चा, म्हणजे या पिढीच्या उंबरठ्यावरचा, आणि गाव सातपाटी. आपल्याच पालघर जिल्ह्यातलं, बोटी आणि पापलेटवालं सातपाटी. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळालाय. आपण सगळे दहा-दहा वर्षं रोज सकाळी जे गाणं म्हणत होतो, त्यातला एक आवाज आपल्या जिल्ह्यातला आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. गाणं पोचलं, नाव वाटेत गळालं.

मला आज याच गळालेल्या नावांबद्दल बोलायचंय.

आपल्या घरांत गायकांची मोजणी कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. रफी आपला, तलत आपला. 31 जुलै 1980 ला रफीसाहेब गेले. मग वडोदऱ्याच्या ऑर्केस्ट्रातून आलेला शब्बीर कुमार 'बेताब' आणि 'कुली'मध्ये गायला, 1983 साली. पाठोपाठ कोलकात्याहून मोहम्मद अझीझ आला, 'मर्द'मुळे घराघरात गेला. दोघांचाही जन्म 1954 चा. त्यांच्यावर रफीची नक्कल म्हणून टीकाही खूप झाली, पण लग्नाच्या मांडवात वाजायचे तेच. हे आपले. आणि सुरेश वाडकर त्यांचा, कारण 'ओंकार स्वरूपा' त्यांनी गायलंय. बाहेरचे लोकही अशीच मोजणी करतात, फक्त उलट्या बाजूने.

ही मोजणी चुकीची आहे असं मी म्हणतो, आणि ते भावनेपोटी म्हणत नाही. कॅसेटच्या आत जो घडी घातलेला कागद असायचा, त्यावरची नावं वाचली की ती टिकत नाही. आपण फक्त गायकाचं नाव वाचतो. त्याच्या मागे कवी असतो, संगीतकार असतो, शिकवणारा उस्ताद किंवा गुरुजी असतो. ती सगळी ओळ वाचायची.

सुरेश वाडकरांपासूनच सुरुवात करू. जन्म 1955, मूळ कोल्हापूरचे. आचार्य जियालाल वसंत यांच्याकडे शिकले. 1976 साली सूर-सिंगार स्पर्धा जिंकले. स्पर्धेच्या परीक्षकांत संगीतकार जयदेव होते. त्यांनी या पोराला 1978 च्या 'गमन'मध्ये एक गझल दिली, 'सीने में जलन'. मुझफ्फर अली यांचा हा सिनेमा. त्यातला गुलाम हसन उत्तर प्रदेशातलं गाव सोडून मुंबईत येतो, टॅक्सी चालवतो आणि गावी परत जायचे पैसे त्याच्याकडे कधीच साठत नाहीत. फारुख शेखने ते काम केलंय. गझल लिहिली शहरयार यांनी, जे अलीगढच्या विद्यापीठात उर्दू शिकवायचे. आता बघा, मुंबईत एकटा पडलेल्या एका मुसलमान टॅक्सीवाल्याचं दुःख, शब्द अलीगढचे आणि गळा कोल्हापूरचा. तुमच्यातले जे विरार-वसईला, भिवंडीला कामाला जातात त्यांनी ती गझल आज ऐकावी. जुनी झालेली नाही.

त्याच 'गमन'मध्ये आणखी एक नवा आवाज होता, हरिहरन. जन्म तोही 1955, घरची भाषा तमिळ, वाढले मुंबईत. ही सूर-सिंगार स्पर्धा पुढच्याच वर्षी, 1977 ला, त्यांनी जिंकली. त्यांचे गुरू उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ, बदायूँचे, रामपूर-सहसवान घराण्याचे. गझल गायची तर उर्दू नीट आली पाहिजे म्हणून हरिहरन यांनी उर्दू शिकून घेतली. पुढे 2008 सालासाठीचा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो कोणत्या गाण्याला? 'जोगवा'मधल्या 'जीव रंगला'ला. शब्द संजय कृष्णाजी पाटील यांचे, संगीत अजय-अतुल यांचं. घरी तमिळ बोलणारा, उस्तादांकडे शिकलेला माणूस आणि देशाचा पुरस्कार मराठी गाण्याला. यात कोणी कोणावर मेहेरबानी केली नाही. रियाज केला, भाषा शिकली, गायले.

गुरूची ही ओळ उलट्या दिशेनेही जाते. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं महाराष्ट्रभर वाजतात. ते आधीच्या पिढीचे. त्यांनी गायला सुरुवात केली ती इस्माईल आझाद कव्वाल यांच्या पार्टीत, कोरसमध्ये. इस्माईल आझाद म्हणजे 1958 च्या 'अल हिलाल'मधल्या 'हमें तो लूट लिया'वाले. पंढरीची गाणी ज्या गळ्यातून आली, तो गळा कव्वालीच्या पार्टीत तयार झाला. प्रल्हाद शिंद्यांची मुलं आनंद आणि मिलिंद 1980 च्या दशकात कॅसेटवर गाजली, तेव्हा त्यांच्या गाण्यातली टाळी आणि पुकार कुठून आली हे आपल्याला ऐकू यायला हवं.

आता ज्या माणसासाठी मी हा विषय घेतला, त्याच्याकडे येतो. इलाही जमादार. इथे किती जणांनी हे नाव ऐकलंय? तीन. ठीक आहे.

इलाही जमादार यांचा जन्म 1946 चा, सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचा. म्हणजे ही पिढी जिथून सुरू होते ते वर्ष. ते मराठीत गझल लिहायचे. अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठी गझल मोठी केली, आणि त्यांच्यानंतर जी नावं घेतली जातात त्यात इलाहींचं नाव वरचं आहे. 'जखमा अशा सुगंधी' हा त्यांचा संग्रह. 'अंदाज आरशाचा' ही त्यांची गझल भीमराव पांचाळे यांनी गायली आणि ती महाराष्ट्रभर गेली. भीमराव पांचाळे 1951 चे, अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे. मराठी गझल गाणं हेच त्यांनी आयुष्याचं काम केलं. गाणारा विदर्भातला, लिहिणारा सांगलीकडचा मुसलमान, भाषा मराठी, आणि गझलेचा साचा फारसी-उर्दूतून आलेला. 31 जानेवारी 2021 ला इलाही गेले.

आपल्यातल्या कित्येकांना शाळेत, नोकरीत कोणीतरी विचारलेलं असतं, 'अरे, तुझं मराठी इतकं चांगलं कसं?' मलाही विचारलंय. विचारणाऱ्याला ते कौतुक वाटतं. त्या कौतुकात असं गृहीत असतं की ही भाषा तुझी नाही, तू पाहुणा आहेस. या प्रश्नावर चिडून काही होत नाही. इलाही जमादार हे उत्तर आहे. ज्या भाषेतली उत्तम गझल आपल्या माणसाने लिहिली, त्या भाषेत आपण पाहुणे कसे? पण हे उत्तर द्यायचं तर आधी आपल्याला ते नाव माहीत पाहिजे. तीनच हात वर आले, ते इतरांमुळे नाही. आपणही ते नाव आपल्या पोरांना सांगितलं नाही.

इथे माझा धंदा उपयोगी पडतो, म्हणून थोडं ॲपबद्दल. गाण्यांचं ॲप पहिल्यांदा उघडलं की बहुतेक वेळा ते भाषा विचारतं. आपला पोरगा हिंदी आणि उर्दूवर खूण करतो, मराठी सोडून देतो. तिकडे दुसरा पोरगा मराठी-हिंदीवर खूण करतो, उर्दू सोडतो. त्यानंतर यंत्राचं काम सोपं असतं. तुझ्यासारखी निवड करणारे लोक काय ऐकतात ते बघायचं आणि तुला तेच पुढे करायचं. यंत्राला कोणाचा द्वेष नाही. पण पहिली खूण जिथे केली तिथून दोघांच्या वाटा लांब लांब जातात, आणि इलाहींची गझल आपल्या पोराच्या फोनवर येतच नाही. दुसरी अडचण माहितीची. गाण्याखाली गायकाचं नाव ठळक, सिनेमाचा फोटो मोठा, कवीचं नाव मात्र दोन-तीन ठिकाणी बोट लावल्याशिवाय सापडत नाही. कधी चुकीचंच असतं. कॅसेटच्या त्या घडीच्या कागदाचं काम निदान या बाबतीत बरं होतं.

हे नुसतं मानाचं नाही, पोटाचंही आहे. 2012 साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमातलं गाणं पुढे वाजत राहिलं तर कवीला आणि संगीतकाराला त्याचा वाटा मिळायला हवा हे त्यात पक्कं झालं, गायकांचाही हक्क मान्य झाला. पण नोंदीत नाव नसेल तर वाटा जाणार कोणाकडे?

तुमच्या मनात दोन शंका असतील, त्या मीच काढतो.

पहिली. 'भाई, तेव्हा सगळं गोड होतं असं सांगताय का?' नाही. भिवंडीत 1970 ला दंगल झाली, 1984 ला पुन्हा झाली. मुंबईत 1992-93 ला काय झालं ते घरात विचारा. या सगळ्या वर्षांत हीच गाणी वाजत होती. गाण्याने दंगल थांबत नाही. श्रीकांत ठाकरे, म्हणजे राज ठाकरेंचे वडील, यांनी रफीसाहेबांकडून मराठी गाणी गाऊन घेतली, 'शोधिसी मानवा' त्यातलंच. म्हणून राजकारण बदललं का? गाण्याकडून मी तेवढी अपेक्षा ठेवत नाही. गाणं पुरावा म्हणून उपयोगी आहे. आपण इथे होतो, एकत्र काम करत होतो आणि ते काम लोकांना आवडत होतं, याचा पुरावा.

दुसरी शंका दीनची. गाणं ऐकावं की नाही, वाद्य चालतं की नाही, यावर उलेमांत मतं आहेत आणि तो निवाडा करायला मी बसलेलो नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याचा मी आदर करतो. पण कोणी लिहिलं, कोणी शिकवलं, हा इतिहास आहे. तो माहीत असायला कोणाची हरकत नसावी.

आज गाण्याचा उपयोग डिवचण्यासाठीही होतो. मिरवणूक मशिदीसमोर थांबवून मुद्दाम लावलेली गाणी आपण ऐकली आहेत. त्यावर आपली पोरं मोबाइलवर तसंच काहीतरी उलट शोधून पाठवतात. त्याने फक्त समोरच्याचा व्यवसाय वाढतो. सायवनच्या या पट्ट्यात तारपा वाजतो तेव्हा सगळे हात धरून गोल फिरतात. दुधी भोपळ्याच्या त्या वाद्याभोवती नाचताना तोंड एकमेकांकडेच राहतं. गाण्याचा तो उपयोग इथल्या लोकांना माहीत आहे, शिकायला लांब जायला नको.

आता काम सांगतो, कारण भाषण ऐकून घरी जाणं मला पटत नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी साठीच्या पुढचं माणूस असेलच. वारली असो, मुसलमान असो, मच्छीमार असो, कोणीही. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या तरुणपणची पाच गाणी विचारा. त्यांनी गुणगुणलेलं फोनवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. मग प्रत्येक गाण्यासमोर लिहा: कोणी गायलं, कोणी लिहिलं, चाल कोणाची, सिनेमा किंवा कॅसेट कोणती, वर्ष कोणतं. सापडलं नाही तर जागा मोकळी ठेवा, अंदाजाने भरू नका. हे सगळं एका साध्या तक्त्यात भरायचं. तो तक्ता मी बनवून देतो, मराठी आणि उर्दू दोन्ही लिपींत नावं टाकता येतील असा. सिनेमात न आलेली गाणीही घ्या. लग्नातली, नातींतली, बोटीवरची. त्यांना कुठल्याच ॲपमध्ये जागा नाही.

आणि आज रात्री फोनवरच्या ॲपमध्ये जाऊन भाषेच्या यादीत राहिलेली एक खूण करा. मराठी सोडली असेल तर मराठीवर, उर्दू सोडली असेल तर उर्दूवर. पाच सेकंदांचं काम आहे.

चहा झालाय वाटतं. ज्यांना तक्ता हवाय त्यांनी नंबर देऊन ठेवा.